ससा, कासव आणि उडीची सायकल

अक्काचा फोन एरवी रात्रीची जेवणे आटोपल्यावर येतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकदा तो सकाळी सहालाच वाजला, तेव्हाच काहीतरी बिनसले असणार हे मी ओळखले. "पोरगं पडलंय रे," ती म्हणाली, "कॉलरबोन मोडलाय. सायकलवरून." मागून भावोजींचा धारवाडी आवाज ऐकू येत होता, "बिट्टु बिडु अंत हेळु अवनिगे!" सोडून दे म्हणावं त्याला.

भाचा नोकरीनिमित्त व्हँकुव्हरला असतो. सायकल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जी येते, कॅरिअरला डबा अडकवलेली, तसली ही सायकल नव्हे. खुर्चीच्या लिफ्टने सायकलसकट डोंगरावर चढायचे आणि दगड, झाडांची मुळे, मुद्दाम रचलेले मातीचे उंचवटे यांवरून खाली सुटायचे, असला तो खेळ. डाउनहिल म्हणतात त्याला. उंचवट्यावरून सायकल हवेत जाते आणि पलीकडच्या उतारावर टेकते. नीट टेकली तर.

अक्काने कामगिरी माझ्यावर सोपवली. "तू मामा आहेस, आणि जन्मभर यंत्रात हात घातलेला माणूस. तुझं ऐकेल तो. विकून टाक म्हणून सांग की." तिचे काही चुकत नव्हते. मी हो म्हटले. संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, फोन लावला. हात गळ्यात अडकवलेला, तोंड एवढेसे झालेले. रागवायचे राहून गेले. विचारले, "नेमकं झालं काय?"

"कळलंच नाही मामा. मागून कुणीतरी लाथ घातल्यागत झालं."

तो 'लाथ' शब्द माझ्या कानात अडकला. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात तीस वर्षे काढलेल्या माणसाला लाथ म्हटले की स्प्रिंग आठवते, आणि स्प्रिंगच्या मागोमाग तेल. मित्राने मोबाइलवर काढलेली फीत मी मागवून घेतली आणि सावकाश करून पंधरा-वीस वेळा पाहिली. पुढचे चाक उंचवट्याच्या कडेवरून सरळ निघाले होते. मागचे चाक कडेशी आले आणि तिथून सायकलचे बूड जे वर फेकले गेले, ते थांबेचना. सीट वर, हँडल खाली, आणि पोरगे हँडलवरून पुढे. त्याचे शरीर घोड्याने फेकल्यासारखे गेले होते. त्याने स्वतः काही वेडेवाकडे केल्याचे कुठे दिसले नाही.

आता इथे जरा थांबून वाचकांना या सायकलचे पोट उघडून दाखवायला हवे.

जुन्या दूधवाल्याच्या सायकलच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा असायच्या. खड्डा आला की सीट खाली दबायची, वर यायची, पुन्हा दबायची, आणि चार-पाच हेलकावे झाल्यावर कुठे शांत व्हायची. नुसती स्प्रिंग अशीच वागते. जेवढे तिच्यात घालाल तेवढे ती परत करते, आणि लगेच करते. टांग्याच्या पाट्यांच्या स्प्रिंगा बऱ्या, कारण पाटीवर पाटी घासून त्यातला थोडा जोर उष्णतेत जिरायचा. आता बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काचेच्या दरवाजाला वर बसवलेला तो लांबट डबा आठवा, डोअर क्लोजर. त्यातही स्प्रिंग आहे, दार ओढून लावण्याचे काम तिचे. पण दार धाडकन आपटत नाही, कारण स्प्रिंगला एक दट्ट्या ढकलावा लागतो आणि दट्ट्यापुढचे तेल एका बारीक छिद्रातून जावे लागते. डब्यावरचा स्क्रू थोडा पिळला की छिद्र लहान होते आणि दार सावकाश लागते. सैल केला की भरकन लागते. डब्यातले तेल गळून गेले तर दार आपटते. म्हणजे स्प्रिंग तीच, वागणे मात्र बदलले.

डाउनहिल सायकलच्या पुढच्या चिमट्यात आणि सीटखालच्या शॉकअपमध्ये नेमके हेच असते. जोर सांभाळायला स्प्रिंग किंवा दाबलेली हवा, आणि तिला लगाम घालायला तेल. चाक सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वरखाली होऊ शकते. दबताना तेलाचा जो अडसर होतो त्याला कॉम्प्रेशन म्हणतात, परत वर येतानाच्या अडसराला रिबाउंड. दोन्हींना वेगवेगळे नॉब. रिबाउंडचा बहुधा तांबडा असतो, आणि काही कंपन्या त्यावर चक्क ससा आणि कासव यांची चित्रे काढतात. सशाकडे फिरवला की स्प्रिंग झटकन परत येते, कासवाकडे फिरवला की सावकाश.

आपल्या गोष्टीत ससा हरतो हे लहानपणापासून ठाऊक असूनही माझ्या भाच्याने नॉब पूर्ण सशाकडे फिरवून ठेवला होता.

का, ते विचारल्यावर खरी गाठ सापडली. सायकल त्याने जुनी घेतली होती. आधीचा मालक जाडजूड, ८५ किलोचा. भाचा ६२ किलोचा. सायकल त्याला मागून कडक लागायची, दगडांवर पाय झणझणायचे. कडक आहे तर मऊ करावी, म्हणून त्याने तांबडा नॉब मोकळा केला. इथेच घोटाळा. नॉबने स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त तिचा लगाम सुटतो. आपल्याकडे दोन्ही भाषांत यासाठी वेगळे शब्द आहेत, तरी माणसे हीच चूक करतात. कन्नडमध्ये 'मेत्तगे' म्हणजे मऊ आणि 'निधान' म्हणजे सावकाश. ही दोन वेगळी कामे. मऊपणासाठी स्प्रिंग बदलावी लागते, सावकाशपणासाठी तेलाचे छिद्र.

मी त्याला टेप घ्यायला लावली. त्याच्या मागच्या शॉकअपच्या दोन बोल्टांमधले अंतर सायकल मोकळी असताना २५० मिलिमीटर होते. हेल्मेट, गुडघ्याच्या ढाली, बूट असा सगळा सरंजाम घालून तो पायडलवर उभा राहिला, मित्राने मोजले. २३४. म्हणजे त्याच्या वजनाने शॉकअप १६ मिलिमीटर बसला. त्याचा एकूण दबण्याचा पल्ला ७५ मिलिमीटर, तेव्हा हे झाले २१ टक्के. या सायकलींना मागे साधारण ३० टक्के आणि पुढे २० ते २५ टक्के बसू द्यावे असा रिवाज आहे. याला सॅग म्हणतात. नवख्याला वाटते की आधीच एवढी बसली तर उडीला काय उरणार? पण चाकाला खालीही जाता आले पाहिजे. खड्ड्यावरून जाताना चाक त्या शिलकीतून खाली उतरून जमीन धरून ठेवते. ती शिल्लक नसेल तर चाक खड्ड्यावर अधांतरी राहते आणि ब्रेक, वळण दोन्ही वाया जातात.

स्प्रिंगवर ५०० असा आकडा छापलेला होता, म्हणजे एक इंच दाबायला ५०० पौंड. त्रैराशिक शाळेत शिकलो ते इथे पुरले. ५०० गुणिले ६२ भागिले ८५, उत्तर ३६५ च्या आसपास. त्याने ३५० ची स्प्रिंग आणली. बसल्यावर मोजले तर २३ मिलिमीटर, ३० टक्क्यांवर एखादा केस. मापात बसले.

आता उडीकडे येऊ, कारण अक्काचा प्रश्न उडीचा होता.

समजा सायकल ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने, उंचवट्याशी आली. उंचवट्याची चढण सरळ नसते, वर वळत जाते, कढईच्या आतल्या बाजूसारखी. ते वळण १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा धरा. त्या वळणावर माणसावर स्वतःच्या वजनाएवढाच आणखी एक भार येतो. ६२ किलोचा पोरगा अर्धा सेकंद सव्वाशे किलोचा होतो. स्प्रिंगा खोल दबतात. इथे सायकल पायाखाली कशी लागली पाहिजे? तुडवलेल्या जमिनीसारखी. दबावी, पण एका जागी जाऊन टेका द्यावा. कापसाच्या गादीवरून उडी मारायला गेलात तर पायातला जोर गादीच खाते. कॉम्प्रेशन फार सैल असले की नेमके तसे होते. चालक कडेच्या आधी पायांनी दाब देतो तो सायकलमध्ये बुडून जातो, आणि उडी तोकडी पडते.

मग कड येते आणि भार एकाएकी शून्य होतो. दबलेल्या दोन्ही स्प्रिंगा मोकळ्या होऊ पाहतात. दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटर धरले तर पुढचे चाक सुटल्यावर मागचे सुटायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. एवढ्याशा वेळात सारे घडते. पुढच्या चाकाखाली जमीन उरलेली नसते, तेव्हा पुढची स्प्रिंग हवेत नुसतीच लांब होते, कुणाला ढकलत नाही. मागचे चाक मात्र अजून जमिनीवर असते. मागची स्प्रिंग त्या क्षणी झटकन सुटली तर ती जमिनीला रेटून सायकलचे बूड वर फेकते. पुढून धरायला काही नाही, त्यामुळे सायकल नाकावर कलंडायला लागते, आणि एकदा हवेत फिरायला लागलेली वस्तू आपणहून थांबत नाही. भाच्याची ५०० ची स्प्रिंग, तिचा लगाम पूर्ण सुटलेला. लाथ म्हणाला होता ना, लाथच ती.

म्हणून उडीला मागचा रिबाउंड जरा सावकाश हवा. सुटताना सायकलने ढकलू नये, हात देऊन वर उचलावे. दोन्ही चाके एका लयीत वर यावीत. हवेत तर काहीच जाणवू नये. चाके लोंबून पूर्ण खाली येताना 'ठक' असा आवाज हँडलमध्ये आला तर समजावे की अजून ससा जोरात आहे. हवेत सायकल शांत असणे हीच सगळ्यात मोठी खूण.

एक गंमत जाता जाता. कन्नडमध्ये उडी मारणे आणि उडणे या दोन्हींना 'हारु' हे एकच क्रियापद. मराठीतही 'उडी' ही 'उडणे'चीच लेक. इंग्रजीत मात्र दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. भाच्याला हे सांगितले तर म्हणाला, "मामा, मी मारली जंप, आणि झालं फ्लाय."

उतरण्याचे गणित आणखी सोपे. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीवरून पडलात आणि थांबायला फक्त सायकलचे २० सेंटिमीटर मिळाले, तर १५० भागिले २०, म्हणजे वजनाच्या साडेसात पट धक्का, स्वतःचे वजन वेगळेच. त्याच वेळी गुडघे आणि कोपर लवचिक ठेवून आणखी ४० सेंटिमीटर मिळवले, तर १५० भागिले ६०, अडीच पट. म्हणजे २०० मिलिमीटरच्या महागड्या यंत्रापेक्षा माणसाचे गुडघे दुप्पट काम करतात, आणि तेही फुकट. पाय ताठ ठेवून उतरणाऱ्याला कुठलाही शॉकअप वाचवत नाही. तिसरा मदतनीस म्हणजे उतार. सायकल ज्या कोनात खाली येते त्याच कोनात जमीन उतरती असेल तर आपटणे फारसे उरतच नाही, ती नुसती जमिनीला मिळते. म्हणूनच शहाणे लोक उंचवट्याच्या पलीकडे लांब उतार बांधतात. टेबलटॉप नावाची नवशिक्यांची उडी असते, अलीकडे चढण, मध्ये मातीचा सपाट ओटा, पलीकडे उतार. तोकडी पडली तरी ओट्यावर टेकते, खड्ड्यात जात नाही. व्हँकुव्हरपासून १२० किलोमीटरवर व्हिसलर गाव आहे, तिथल्या 'ए लाइन' वाटेवर अशा टेबलटॉपांची माळच लावलेली आहे, आणि जगभरचे लोक तिथे उडायला येतात.

टेकताना सायकल एकदा खोल जावी आणि एकदाच वर येऊन थांबावी. दुसरा हेलकावा नको. संपूर्ण पल्ला दिवसातल्या सर्वांत मोठ्या धक्क्याला एखाद्या वेळी वापरला जावा, तोही धातूवर धातू न आपटता. रोज रोज आपटत असेल तर स्प्रिंग हलकी, कधीच शेवटपर्यंत जात नसेल तर भारी. पुढच्या चिमट्याच्या नळीवर एक रबरी रिंग असते, ती कुठवर सरकली ते पाहिले की कळते.

हे सगळे नवीन शास्त्र आहे असे मात्र समजू नका. हा खेळ सुरू झाला तेव्हा सायकलला एकही स्प्रिंग नव्हती. कॅलिफोर्नियात मॅरिन परगण्यात फेअरफॅक्स गावाजवळ एका कच्च्या रस्त्यावरून २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली शर्यत झाली. तीसेक वर्षांच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली, आणि पायडल उलटे दाबल्यावर लागणारा मागच्या चाकातला ब्रेक. खाली पोहोचेपर्यंत तो ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस धूर होऊन उडून जाई. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरायचे, म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. गॅरी फिशर नावाच्या गड्याने तो घाट ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरला होता, तो तिथला विक्रम. १९८९ मध्ये पॉल टर्नर या मोटरसायकलवाल्या माणसाने रॉकशॉक्सचा पहिला चिमटा काढला, त्याचा पल्ला जेमतेम दोन इंच. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, कोलोराडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि ग्रेग हर्बोल्डने तसल्या चिमट्याच्या सायकलवर डाउनहिल जिंकली. तिथून पल्ला वाढत वाढत आठ इंचांवर आला.

पल्ला वाढला तशी तेलाची कटकटही वाढली. लांब उतारावर तेल तापते, पातळ होते आणि सकाळी बरोबर वाटलेला रिबाउंड दुपारी ससा होतो. तेलात हवा मिसळली तर फेस होतो आणि दट्ट्याला काही हाती लागत नाही. उद्यमबागेतल्या कुठल्याही फिटरला विचारा, तेलात हवा हा आमच्या धंद्यातला जुना वैरी. म्हणून मागच्या शॉकअपमध्ये तेलाच्या पाठीशी दाबलेला नायट्रोजन ठेवतात, मधे सरकता पडदा घालून.

असो. भाच्याला मी सांगितले, एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि वहीत लिही. हाड जुळायला वेळ लागला, मग पाऊस, बर्फ. २०२५ च्या मे महिन्यात त्याने पुन्हा सायकल काढली. पोराने काय करावे? स्प्रिंग बदलली होतीच, लाथेची धास्ती मनात, म्हणून तांबडा नॉब पूर्ण कासवाकडे पिळून टाकला. एक टोक सोडले ते थेट दुसरे टोक. ओळीने खाचखळगे आले की पहिल्याला चाक दबायचे, परत वर येण्याआधीच दुसरा खळगा, मग तिसरा. प्रत्येक वेळी थोडे खालीच राहायचे. दहाव्या खळग्यापर्यंत सायकल तळाला जाऊन बसलेली, दगडासारखी कडक. त्याच अवस्थेत उंचवटा आला. स्प्रिंगेत जोर होता, पण तो बाहेर यायला वेळच नाही. सायकल मेल्यासारखी निघाली आणि ओट्याच्या काठावर मागचे चाक आपटले. पडला नाही. टेबलटॉप होता म्हणून. मधे खड्डा असता तर मी हे सदर लिहिले नसते.

त्यानंतर आम्ही ते नीट केले. रस्त्याच्या कडेच्या फुटपाथवरून सीटवर बसूनच हळू खाली उतरायचे आणि मागच्या शॉकअपकडे लक्ष द्यायचे. दबून वर येताना जराशी पुढे जाऊन एकदाच परत बसली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर एक 'क्लिक' कासवाकडे. एकदाही पुढे न जाता रेंगाळत आली तर एक क्लिक सशाकडे. पूर्ण सशापासून मोजत सहाव्या क्लिकवर त्याचे जमले. मग लहान उडी, तीच उडी पाच वेळा, तेव्हा कुठे एक क्लिक बदल. पुढचा चिमटा मागच्याच लयीला आणायचा. हाताने सायकल मधोमध दाबून सोडली की दोन्ही टोके बरोबर वर यावीत.

कॉम्प्रेशनचे नॉब दोन, लो स्पीड आणि हाय स्पीड. इथे बहुतेक सगळे फसतात, मीही आधी फसलो. हा सायकलचा वेग नव्हे, दट्ट्याचा वेग. ताशी पन्नासने जाताना चालकाने पायांनी दिलेला दाब किंवा उंचवट्याची चढण हा दट्ट्याच्या हिशेबी हळू वेग. ताशी दहाने जाताना बसलेला चौकोनी दगडाचा ठोसा हा जलद. उडीसाठी लो स्पीड थोडा घट्ट करतात म्हणजे कडेशी टेका मिळतो, आणि हाय स्पीड सैल ठेवतात म्हणजे दगडाचा ठोसा मनगटात येत नाही.

मग जिथे दगड आणि उड्या दोन्ही आहेत तिथे काय करायचे? स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यम गावाजवळची वाट हे याचे नामी उदाहरण. २००२ पासून तिथे वर्ल्डकपच्या शर्यती झाल्या, २००७ आणि २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्याही. सुमारे २.८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर उतार. वरचा भाग नुसता दगडांचा, आणि खाली शेवटी भरधाव वेगातल्या मोठ्या उड्या. वर सायकल मऊ आणि चटपटीत हवी, खाली टेका देणारी आणि शांत. साडेचार-पाच मिनिटांच्या शर्यतीत मध्ये उतरून नॉब फिरवता येत नाही. तेव्हा मोठमोठे संघसुद्धा दोन्हीकडे थोडे थोडे सोसणारा मधला आकडा शोधत बसतात, चाकांना मोजमापाची यंत्रे लावून. अचूक सेटिंग असे काही नसते, त्या दिवशीच्या वाटेला चालणारे असते.

आणि यंत्र कमी आणि माणूस जास्त याचाही दाखला आहे. ऑस्ट्रियातल्या लिओगांगला २०१५ च्या वर्ल्डकप शर्यतीत अमेरिकेच्या एरन ग्विनची चेन सुटतानाच तुटली. पायडल मारणे संपले. तो नुसता उतारांवर सायकल दाबत, चढणीवर अंग हलके करत खाली आला, आणि जिंकला. दाबलेले परत देणारी सायकल असल्याशिवाय हे जमत नाही, हे खरे. पण तशी सायकल मला दिली तर मी पहिल्याच वळणाला झुडपात जाईन.

हे सगळे अक्काला सांगायचे कसे, हा माझा खरा पेच होता. तिने मला विकायला सांग म्हणून पाठवले, आणि मी स्प्रिंगचा नंबर सांगून आलो. मी न सांगता गप्प राहिलो असतो तरी तो उडणारच होता, त्याच ५०० च्या स्प्रिंगवर. निदान मला तरी तसे वाटले. शेवटी धारवाडला जाऊन समोरासमोर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आता पडणार नाही?"

"तसं कुणी सांगू शकत नाही अक्का. ती एक लाथ बसणार नाही, एवढंच."

तिला ते पटले नाही. अजूनही पटलेले नाही. तिने अटी घातल्या. तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट, एकट्याने जायचे नाही, मधे खड्डा असलेली उडी नाही, आणि वहीचे पान दर रविवारी फोनवर पाठवायचे. पान ती वाचत नाही, मला पुढे पाठवते. त्यात क्लिकचे आकडे असतात, आणि एका कोपऱ्यात चिमट्याचे तास, कारण दर पन्नासएक तासांनी खालच्या नळ्यांतले तेल बदलावे लागते.

गेल्या दिवाळीत मी धारवाडला होतो तेव्हा नवी फीत आली. अक्काने नेहमीप्रमाणे बघितली नाही, चकल्यांकडे वळली. भावोजींनी चष्मा वर केला, आवाज बंद करून ती सात-आठ वेळा पाहिली. पुढचे चाक सुटते, मागचे मागोमाग येते, सायकल हवेत आडवी न होता जाते, उतारावर टेकते, एकदा दबते, उठते.

"हिंदिन गालि सरि बंतल्ल," ते स्वतःशीच म्हणाले. मागचं चाक बरोबर आलं की.

"काय?" अक्काने स्वयंपाकघरातून विचारले.

"एनू इल्ल," म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.